चेहरा एक, बाजू अनेक

जूनमध्ये नवा वर्ग हाती येतो तेव्हा पहिले काही दिवस आपली चांगलीच फजिती होते. पहिल्या बाकावरची मुलगी समोरून ओळखता येते, पण तीच नळावर पाणी पिताना बाजूनं दिसली की नाव आठवत नाही. दिवाळीपर्यंत मात्र तिनं मान वळवलेली असो की खाली घातलेली, आपण तिला लगेच हाक मारतो. मधल्या चार महिन्यांत काय घडलं?

चेहरा वळला की डोळ्यात पडणारी त्याची प्रतिमा पार बदलते. समोरून दोन डोळे दिसतात. बाजूनं एकच डोळा, एक कान आणि नाक-हनुवटीची कड. नुसती चित्रं एकमेकांवर ठेवून पाहिली, तर एकाच माणसाच्या समोरच्या आणि बाजूच्या चित्रापेक्षा दोन वेगळ्या माणसांची समोरची चित्रंच अधिक जुळतात! तेव्हा केवळ चित्रांच्या साम्यावर ओळख पटत नसणार.

२०११ साली रॉब जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांची प्रत्येकी २० छायाचित्रं त्यांनी घेतली. कोन, उजेड, केशरचना, हावभाव सगळं वेगवेगळं. ही ४० छायाचित्रं ब्रिटनमधल्या लोकांना देऊन सांगितलं, ‘एका व्यक्तीची छायाचित्रं एका गठ्ठ्यात ठेवा.’ लोकांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. त्या स्त्रियांना ओळखणाऱ्या डच लोकांनी मात्र बहुतेक वेळा बरोबर दोनच केले. गंमत म्हणजे ब्रिटिशांनी दोघींची सरमिसळ फारशी केली नाही. एकीच्याच अनेक जणी केल्या.

म्हणजे अनोळखी चेहरा पाहताना आपण बरंचसं चित्रच पाहतो. ओळखीच्या चेहऱ्याची मात्र अनेक रूपं आपल्याकडे जमलेली असतात. मुलगी मान वळवते तेव्हा एकापाठोपाठ दिसणारी रूपं एकाच व्यक्तीची असतात. हा दुवा मेंदूला ती रूपं जोडायला मदत करत असावा.

मेंदूत हे कसं होतं, याची झलक विनरिक फ्रायवाल्ड आणि डोरिस त्साओ यांनी २०१० साली माकडांवर केलेल्या संशोधनात मिळाली. कानशिलामागच्या भागात चेहऱ्यांना प्रतिसाद देणारे पेशींचे पुंजके असतात. त्यांपैकी मागच्या बाजूच्या पुंजक्यातल्या पेशींना चेहरा कुठे वळलाय याच्याशी मतलब. कोणाचा, याच्याशी फारसा नाही. त्यापुढच्या पुंजक्यात डावी बाजू आणि उजवी बाजू सारखीच धरली जाते. सगळ्यात पुढच्या पुंजक्यात मात्र चेहरा कसाही वळलेला असला तरी विशिष्ट व्यक्तीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडतात.

परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या शाळेतल्या मुलांच्या हॉलतिकिटावरचे फोटो आपण आत्मविश्वासानं ताडून पाहतो. इथे जरा जपायला हवं. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची अशीच चाचणी झाली. समोरच्या माणसाचा नसलेला फोटो त्यांनी १४ टक्के वेळा त्याचाच म्हणून मान्य केला. नोकरीची वर्षं जास्त असलेल्यांच्या चुका कमी होत्या असंही दिसलं नाही. वर्गातली साठ मुलं आपण बिनचूक ओळखतो, ते त्यांच्या सहवासामुळे. ती नजर अनोळखी चेहऱ्याला लागू पडत नाही.

हा प्रयोग शाळेतही जमेल. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन ओळखीच्या व्यक्तींचे, त्यांची परवानगी घेऊन, दहा-दहा फोटो जमवा. आधी त्यांना न ओळखणाऱ्या मुलांकडून गठ्ठे करून घ्या, मग ओळखणाऱ्यांकडून. माणसं किती आहेत, हे मात्र आधी सांगू नका.