म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याला घर देताना

कुत्र्याचे म्हातारपण त्याच्या आकारावर ठरते. ग्रेट डेनसारखे अवाढव्य कुत्रे सहाव्या-सातव्या वर्षीच वयस्क गणले जातात, लॅब्रेडॉर आठव्या वर्षाच्या आसपास, तर पॉमेरेनियन दहाव्या वर्षीही तुरुतुरु जिना चढतो. प्राणी-निवाऱ्यांत अशी म्हातारी कुत्री येतात ती वेगवेगळ्या वाटांनी. सांभाळणारी आजी वारते, मुले परदेशी जातात, पैदास करणाऱ्याला वय झालेली मादी नकोशी होते. बऱ्याचदा मात्र कारण निव्वळ आजारपणाचे असते, आणि त्यात एक दुःखद योगायोग आहे. मूत्रपिंडाचा विकार आणि मधुमेह या दोन्हींचे पहिले लक्षण म्हणजे भरपूर पाणी पिणे आणि भरपूर लघवी होणे. घरच्यांना दिसते ते एवढेच, की इतकी वर्षे शहाण्यासारखा वागणारा कुत्रा आता घरात घाण करू लागला आहे. आजार ओळखू येण्याआधीच तो रस्त्यावर येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळीव प्राण्याला उपाशीतापाशी मरायला सोडून देणे हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्यासाठी दंड ठेवला आहे तो १० ते ५० रुपये.

निवाऱ्यातील माणसे जिवापाड काम करतात, तरीही अशा कुत्र्यासाठी ती जागा गैरसोयीची असते. सिमेंटची फरशी सांध्यांना बाधते. सततच्या भुंकण्यात झोप लागत नाही. जेवणाच्या वाटीपाशी तरुण कुत्री पुढे घुसतात. शिवाय मोजक्या कर्मचाऱ्यांना कितीतरी प्राण्यांची औषधे द्यायची असतात. तिथे एखाद्याने सकाळी अर्धीच वाटी खाल्ली, हे कोणाच्या नजरेत भरणे अवघड. म्हाताऱ्या रुग्णाच्या बाबतीत नेमकी हीच नजर उपचाराचा निम्मा भाग असते. ती घरातच मिळू शकते, आणि ‘फॉस्टर’ म्हणजे तात्पुरत्या सांभाळाची कल्पना त्यावरच उभी आहे.

या व्यवस्थेत कुत्र्याची कायदेशीर जबाबदारी सहसा संस्थेकडे राहते, घर मात्र सांभाळकर्त्याचे असते. दत्तक घेणारे कुटुंब मिळेपर्यंत किंवा प्रकृती सुधारेपर्यंत हा सांभाळ चालतो. काही कुत्री शेवटपर्यंतच्या सांभाळासाठीच दिली जातात. काही गोष्टी आधीच लेखी ठरवून घ्याव्यात: औषधे, तपासण्या आणि दवाखान्यात नेण्याच्या गाडीचा खर्च कोणाकडे, रात्री दोन वाजता श्वास लागला तर फोन कोणाला करायचा, शस्त्रक्रियेचा निर्णय कोणी घ्यायचा. हे विचारायला संकोच वाटतो. पण हे प्रश्न न विचारल्यामुळेच पुढे संस्था आणि कुटुंब यांच्यात कटुता येते.

घरी आणण्यापूर्वी रक्ताची पूर्ण तपासणी, लघवीची तपासणी, गोचीडतापाची चाचणी आणि रेबीजची लस झालेली असावी. गोचीडतापाची चाचणी विशेष महत्त्वाची, कारण हा ताप जुनाट झाला की कुत्रा वरून धडधाकट दिसतो आणि आत रक्तातील प्लेटलेट घटत जातात. घरात आधीचा कुत्रा किंवा मांजर असेल तर पहिले दोन आठवडे दोघांना वेगळे ठेवणे श्रेयस्कर.

पहिल्या तीन-चार दिवसांत कुत्र्याकडून कसलीच अपेक्षा ठेवू नये. तो न खाता कोपऱ्यात बसेल किंवा रात्रभर येरझाऱ्या घालील. एक कोपरा, एक गोधडी, जवळच पाणी आणि ठरलेल्या वेळा, इतके पुरे. पाहुणे बोलावणे आणि अंघोळ घालणे नंतरही जमते. दिसत नसलेल्या कुत्र्याला पट्टा लावून, भिंतीच्या कडेकडेने रोज त्याच वाटेने फिरवले की घराचा नकाशा त्याच्या डोक्यात चटकन बसतो. त्यानंतर मात्र खुर्च्या हलवू नयेत. ऐकू न येणाऱ्याला झोपेत हात लावण्याआधी जमिनीवर हलके थापटावे, म्हणजे तो दचकून चावत नाही.

मूत्रपिंडाच्या विकारात घरच्या सेवेचा उपयोग सर्वात जास्त होतो. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून सुमारे पाऊण काम बंद पडेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन फारसे वाढत नाही, म्हणजे निदान होते तेव्हा हाताशी थोडेच उरलेले असते. उरलेले जपायचे, एवढाच उपचार. पाणी कधीही तोडायचे नाही, पण मोजायचे. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पोटात जात असेल, म्हणजे दहा किलोचा कुत्रा लिटरभराहून अधिक पीत असेल, तर ते डॉक्टरांना कळवण्याजोगे आहे. बऱ्याच रुग्णांना कातडीखालून सलाइन द्यावे लागते. हे घरी शिकता येते. रिंगर लॅक्टेटची बाटली कोमट पाण्यात धरून खिडकीच्या गजाला टांगायची, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि त्या पोकळीत सुई सरकवायची. पाण्याचा एक मऊ फुगवटा येतो, तो पायाकडे ओघळतो आणि काही तासांत जिरतो. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात थरथरतोच. दवाखान्यात डॉक्टरांसमोर दोन-तीनदा केले की भीती जाते. किती आणि कितीदा, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे, कारण हृदय दुबळे असेल तर हेच पाणी फुफ्फुसांत साचू शकते.

लहान जातींमध्ये हृदयाची झडप जाड होऊन गळू लागणे हा वयाबरोबर येणारा नेहमीचा आजार. त्यावरचे पिमोबेंडन हे औषध रिकाम्या पोटी, जेवणाच्या तासभर आधी द्यावे लागते. फ्युरोसेमाइडने लघवी वाढते, म्हणून कुत्र्याला जास्त वेळा खाली न्यावे लागते. घरच्यांच्या हातातले सर्वात भरवशाचे साधन म्हणजे घड्याळ. कुत्रा गाढ झोपलेला असताना त्याची छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते ते रोज मोजायचे. आकडा वारंवार ३० च्या वर जाऊ लागला तर फुफ्फुसांत पाणी साचत असण्याची शक्यता धरून लगेच डॉक्टरांना गाठायचे. खोकला आणि धाप नंतर दिसते, हा आकडा आधी बोलतो.

मधुमेही कुत्र्याचा दिवस बारा-बारा तासांत विभागलेला असतो: जेवण, इन्सुलिन, पुन्हा जेवण, इन्सुलिन. भारतात इन्सुलिनच्या कुप्या मिलिलिटरमागे ४० आणि १०० अशा दोन्ही युनिटांच्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० ची सिरिंज १०० च्या कुपीला वापरली तर अडीचपट डोस जातो. म्हणून कुपी आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा दरवेळी वाचायचा. कुत्रा जेवला नाही तर नेहमीचा डोस परस्पर टोचू नये, आधी फोन करावा. तो लडखडू किंवा थरथरू लागला तर हिरड्यांना मध चोळून दवाखान्याकडे धाव घ्यावी.

फीट येणाऱ्या कुत्र्याचे औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे असते, आणि पाच मिनिटांहून लांबलेली फीट म्हणजे थेट दवाखाना. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याची लघवी दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून काढावी लागते आणि कूस बदलत राहावे लागते, नाहीतर जखमा होतात. हे काम कष्टाचे आहे. नोकरीवर जाणाऱ्या एकट्या माणसाने ते अंगावर घेण्यापूर्वी दुपारची सोय नक्की करावी.

नुकसान बहुतेक वेळा मायेपोटी होते. लंगडतो म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी दिली जाते, आणि तिने पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. (जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, ती गिधाडे वाचवण्यासाठी. कुत्र्याचा मालक माणसांची गोळी देतो तेव्हा ती बंदी कामी येत नाही.) भूक लागत नाही म्हणून सुकट किंवा सुके बोंबील चारले जातात. त्यांतले मीठ हृदयाला बाधते आणि काट्यांतला फॉस्फरस मूत्रपिंडाला. रश्शातला कांदा, शिऱ्यातले मनुके आणि झायलिटॉल घातलेले शुगर-फ्री पदार्थ तर निरोगी कुत्र्यालाही विषारी ठरू शकतात.

घरात मोठे बदल लागत नाहीत. गुळगुळीत टाइल्सवर सांधे दुखणारा कुत्रा उठताना घसरतो, म्हणून त्याच्या वाटेवर जुन्या सतरंज्या किंवा रबरी चटया टाकाव्यात. वजन करायला साधा काटा पुरतो: आधी कुत्र्याला कडेवर घेऊन उभे राहायचे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. हे वजन, जेवण, पाणी, शी-शू, श्वासांचा आकडा आणि औषधांच्या वेळा एका वहीत रोज लिहाव्यात. दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना जे कळू शकत नाही, ते या वहीतून कळते.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसच्या संसर्गाची भीती असते, तेव्हा फिरून आल्यावर पाय पुसून कोरडे करावेत. दिवाळीच्या फटाक्यांपूर्वी हृदयरोगी आणि फीट येणाऱ्या कुत्र्यांसाठी आठवडाभर आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सोसायटीने हरकत घेतली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वे दाखवता येतात. त्यांनुसार सोसायट्यांना पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही.

सांभाळाचा शेवट तीन प्रकारे होतो. दत्तक घेणारे कुटुंब मिळते, तेव्हा वही, औषधे आणि रोज अंगाखाली असलेली गोधडी सोबत द्यावी. ओळखीच्या वासाने नवे घर लवकर आपलेसे होते. काही वेळा सांभाळणारेच त्याला कायमचे ठेवून घेतात. आणि काही वेळा मृत्यू येतो. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात बाबींना शून्य ते दहा गुण देण्याची पद्धत अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस विलालोबोस यांनी मांडली. बेरीज ३५ च्या वर असेल तर सेवा चालू ठेवणे योग्य मानले जाते. बेरीज सातत्याने खाली येऊ लागली की संस्था, डॉक्टर आणि सांभाळकर्ता यांनी एकत्र बसून वेदनारहित मृत्यूचा विचार करावा. त्यावेळी ओळखीचा हात अंगावर असावा. अंत्यविधीसाठी मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला गॅसवर चालणारी प्राण्यांची दहनभट्टी सुरू केली आहे. उरलेली न उघडलेली औषधे, सलाइनच्या बाटल्या आणि चटया संस्थेकडे परत द्याव्यात. निवाऱ्यात त्याच आजाराचा दुसरा कुत्रा त्यांची वाट पाहत असतो.