महाराष्ट्र निसर्ग उद्यानातील छायाचित्रण

महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे मुंबईत धारावीलगत, मिठी नदीच्या काठावर वसलेले सुमारे ३७ एकरांचे नागरी वन आहे. पूर्वी येथे शहरातील कचरा टाकला जात असे. वृक्षारोपणाद्वारे या जागेचे रूपांतर करण्यात आले व १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले.

पक्षी व निसर्गदृश्ये

झाडीत दयाळ, नाचण, तांबट, शिंजीर इत्यादी पक्षी आढळतात. दाट सावलीत कॅमेऱ्याचे आयएसओ मूल्य वाढवावे लागते. उडता पक्षी स्पष्ट टिपण्यासाठी शटरचा वेग साधारणतः १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवतात. ओहोटीच्या वेळी नदीकाठचा चिखल उघडा पडतो आणि बगळे भक्ष्य शोधण्यासाठी तेथे उतरतात. अलीकडे खारफुटी आणि पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातील उंच इमारती, असे शहर व निसर्गाचे एकत्रित दृश्य येथून टिपता येते.

पक्ष्यांची सुरक्षितता

घरट्याजवळ वारंवार गेल्यास पालक पक्षी घरटे सोडून जाऊ शकतात आणि अंडी किंवा पिल्ले कावळ्यांच्या तावडीत सापडतात. ध्वनिमुद्रित आवाज ऐकून पक्षी प्रतिस्पर्धी आल्याचे समजतात व अन्न शोधण्याचे सोडून त्याला हुसकावण्यात शक्ती खर्च करतात. त्यामुळे विणीच्या हंगामात घरट्यांची छायाचित्रे घेणे टाळले जाते आणि दूरवरून टिपणारी टेलिफोटो भिंगे वापरणे योग्य मानले जाते.