दप्तराला दिसलेली स्त्री

आठव्या हेन्रीचा कारभारी थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, पाद्र्याने एक वही ठेवून तीत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद आठवड्याच्या आठवड्याला करावी. आणि त्या एका हुकमापायी, राजदरबाराशी ज्याचा जन्मात संबंध यावयाचा नव्हता असा इंग्लंडातला शेतमजूरही आयुष्यात दोनतीनदा कागदावर रुजू होऊ लागला. स्त्रीच्या वाट्याला मात्र ही हजेरी पुरती आली नाही. जन्मताना ती अमक्याची कन्या, पुढे तमक्याची भार्या आणि अखेरीस त्याचीच विधवा. कित्येक जुन्या वह्यांत तर अर्भकाच्या बापाचे नाव आहे आणि आईचा पत्ताच नाही. विवाहासरशी माहेरचे आडनाव सुटले की मागे राहते मेरी, अ‍ॅन किंवा एलिझाबेथ एवढेच, आणि अशा मोजक्या नावांवर सगळा मुलूख निभावून नेत असल्यामुळे एकाच गावातल्या दोन मेरींपैकी आपली कोणती, हे ठरविताना संशोधक मेटाकुटीस येतो. आपल्याकडे कित्येक घरांतून सासरी मुलीचे पाळण्यातले नावही बदलत. तेव्हा इंग्रज स्त्रीचा निदान एवढा धागा तरी शाबूत राहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

हार्डविकच्या विवाहकायद्याने १७५४ पासून वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक केल्या. निरक्षर वधू फुली काढी. पण शोधणाऱ्याने तिच्या फुलीपेक्षा साक्षीदारांकडे अधिक निरखून पाहावे, कारण तेथे एखादी बहीण वा भावजय उभी असते आणि हरवलेले माहेर तिच्या सहीतून सापडते.

परंतु सामान्य स्त्रीविषयी सर्वांत विस्तृत मजकूर सापडतो तो धर्माच्या वहीत नव्हे, तर दारिद्र्याच्या दप्तरात. १६६२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक गरिबाचा भार त्याच्या हक्काच्या पॅरिशवर असे, आणि हा हक्क स्त्रीला लग्नानंतर नवऱ्यामागून मिळे. अविवाहितेने एका धन्याकडे सबंध वर्ष चाकरी केली तर तिला तो स्वतःच्या नावाने मिळत असे, आणि म्हणूनच काही चतुर धनी वर्ष भरण्यास थोडे दिवस राहिले असतानाच करार संपवीत. अनौरस मूल जेथे जन्मे तेथलेच ठरत असल्यामुळे दिवस गेलेल्या कुमारिकेस प्रसूतीपूर्वीच हद्दीबाहेर घालविण्याची पॅरिशच्या अधिकाऱ्यांना कोण घाई! तत्पूर्वी न्यायाधीशासमोर तिचा जाबजबाब होई: जन्म कोठला, चाकरी कोणाकडे, वेतन किती, मुलाचा बाप कोण. ज्या सुशील गृहिणीने कोणापुढे हात पसरला नाही, तिच्याविषयी दप्तर मुके आहे, आणि जिच्यावर पॅरिशचा पैसा खर्ची पडण्याचे भय होते तिचे चरित्र मात्र कारकुनाने शपथेवर उतरवून घेतले आहे.

खानेसुमारीत पहिल्यांदा घरोघरची नावे सरसकट जतन झाली ती १८४१ ची. तीत प्रौढांची वये पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहीत, त्यामुळे एकोणचाळिशीची बाई पस्तिशीची होई. कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्मगाव ही १८५१ पासून आली. मात्र घरी बसून लेस विणणाऱ्या किंवा लोकांचे कपडे धुणाऱ्या बायकोपुढे व्यवसायाचा रकाना पुष्कळदा कोराच दिसतो. रिकाम्या रकान्यावरून ती रिकामी होती असा अर्थ काढणे म्हणजे नोंदणीदाराच्या आळसाला पुरावा मानणे होय. १९११ साली विवाहितेस विचारले गेले की, लग्नास वर्षे किती झाली, मुले किती झाली, त्यांतली हयात किती. विधवांना हा प्रश्न नव्हता, तरी अनेकींच्या बाबतीत उत्तर दिले गेले. कचेरीने ते आकडे शाईने खोडले, पण खोडीखालून ते आजही वाचता येतात.

नागरी विवाहनोंदणी १८३७ पासून सुरू झाली. तीत वधूवरांच्या बापांची नावे व धंदे लिहिले जात, आयांना तेथे जागा मिळाली ती २०२१ साली. १९३१ ची खानेसुमारी १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. १९२१ ची खुली झाली आहे, आणि तिच्या पुढची उपलब्ध खानेसुमारी १९५१ ची असून खानेसुमारी शंभर वर्षे बंद ठेवण्याच्या नियमाप्रमाणे ती तेवढी वर्षे भरेपर्यंत कोणास पाहावयास मिळणार नाही.