‘आणि’, ‘किंवा’ आणि कोरा रकाना

अमरावतीत १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने महाराष्ट्रात वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी ती आहे. अर्ज संगणकावर भरायचा असतो. पण तो कोणाकोणाला भरायला सांगायचा, हे कॉलेजला आपल्याच विद्यार्थ्यांच्या यादीतून आधी शोधावे लागते. इतर अटी बाजूला ठेवून हा शोध कसा घ्यायचा ते पाहू.

समजा, यादीत चारच मुले आहेत. दर्यापूरचा मुलगा वसतिगृहात राहतो, घरची जमीन १.६ हेक्टर. मूर्तिजापूरची मुलगीही वसतिगृहात राहते. जमीन शून्य, वडील नोंदणीकृत मजूर. बाळापूरच्या मुलाचे वडील तसेच मजूर, जमीन शून्य. पण तो घरून एस.टी.ने ये-जा करतो. अचलपूरची मुलगी वसतिगृहात आहे, वडील शेतकरी; पण सातबारा न दिल्याने तिचा जमिनीचा रकाना कोरा आहे.

बोलताना आपण ‘शेतकरी आणि मजूर यांची मुले’ म्हणतो, तेव्हा दोहोंपैकी कोणीही चालते. संगणकाचा ‘आणि’ मात्र दोन्ही अटी एकदम मागतो. म्हणून इथे ‘किंवा’ हवा. आता ‘वसतिगृह आणि जमीन २ हेक्टरांपर्यंत किंवा मजूर’ असे लिहिले, तर बाळापूरचा मुलगाही यादीत येतो. गणितात बेरजेआधी गुणाकार, तसा इथे ‘किंवा’आधी ‘आणि’ सोडवला जातो. जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ साली आपल्या ग्रंथात तर्काचे असे बीजगणितच मांडले होते. उपायही गणितातलाच, कंस: ‘वसतिगृह आणि (जमीन २ हेक्टरांपर्यंत किंवा मजूर)’. आता दर्यापूर आणि मूर्तिजापूर, अशी बरोबर दोन नावे मिळतात.

पण अचलपूरच्या मुलीचे काय? कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे. तो २ पेक्षा कमी की जास्त, याचे उत्तर बहुतेक माहितीसाठ्यांत ‘अज्ञात’ असे येते, आणि अज्ञात नाव गाळले जाते. ‘२ हेक्टरांहून जास्त’ असा उलटा शोध घेतला तरी ती सापडत नाही. ती अपात्र ठरलेली नसते. तिच्याबद्दल प्रश्नच विचारला गेलेला नसतो. घरी पाच एकरांच्या आत जमीन असेल, तर तिचा हक्क केवळ एका कागदापायी बुडतो.

यावर सोपा पडताळा आहे. ‘२ हेक्टरांपर्यंत’ आणि ‘२ हेक्टरांहून जास्त’ या दोन याद्यांची बेरीज एकूण पटाशी जुळते का, ते पाहावे. आपल्या उदाहरणात ३ अधिक ०, आणि पट ४. उरलेला १ म्हणजेच ती मुलगी. ‘जमीन रकाना कोरा’ असा तिसरा शोध घेतला की तिचे नाव मिळते. मग तिला बोलावून सातबारा मागवता येतो.

हा प्रयोग वर्गातही करता येईल. ‘सायकल आहे आणि घर लांब आहे किंवा बसचा पास आहे’ अशी अट फळ्यावर लिहा. आधी कंसाशिवाय, मग कंस घालून मुलांना उभे करा. शेवटी ज्यांनी माहितीच दिली नाही, त्यांना मोजायला विसरू नका.