गोळी शौचातून जशीच्या तशी बाहेर पडली? दुसरी घेण्याआधी हे वाचा

"डॉक्टर, बीपीची गोळी पचलीच नाही. सकाळी संडासात तशीच दिसली. आता दुसरी घेऊ का?"

हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. काही जण तर दुसरी गोळी घेऊन मगच फोन करतात. म्हणून उत्तर आधीच सांगते: दुसरी गोळी घेऊ नका. तुम्हाला जे दिसले ते बहुतेक वेळा गोळीचे रिकामे टरफल असते. आतले औषध केव्हाच शरीरात गेलेले असते. त्याच दिवशी दुसरी गोळी घेतली तर डोस दुप्पट होतो आणि बीपी धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.

टरफल का उरते?

साधी गोळी पोटात विरघळते. रक्तातले औषध झपाट्याने वाढते आणि काही तासांत उतरते. त्यामुळे अशा काही गोळ्या दिवसातून दोन-तीनदा घ्याव्या लागतात. दिवसातून एकदाच घ्यायच्या काही गोळ्या मात्र वेगळ्या बनवलेल्या असतात. त्या विरघळत नाहीत, तर आतल्या दाबाने औषध बाहेर ढकलतात.

चकलीचा सोऱ्या आठवा. वरून दट्टा दाबला की खालच्या छिद्रातून पीठ एकसारखे बाहेर येते. या गोळीतही तसेच घडते. फक्त इथे दट्टा दाबण्याचे काम पाणी करते.

गोळीचे बाहेरचे आवरण आतड्यातले पाणी आत येऊ देते, पण औषधाला बाहेर जाऊ देत नाही. आत दोन थर असतात. एक औषधाचा आणि दुसरा पाण्याने फुगणाऱ्या पदार्थाचा. औषधाच्या बाजूला लेसरने पाडलेले एक बारीक छिद्र असते. गोळी गिळल्यावर पाणी हळूहळू आत शिरते. भिजत घातलेला मनुका फुगतो तसा खालचा थर फुगतो आणि वरचे ओले झालेले औषध त्या छिद्रातून थोडे थोडे बाहेर ढकलतो. हे काम जवळजवळ दिवसभर चालते. शेवटी रिकामे आवरण शौचावाटे बाहेर पडते.

हे तंत्र १९७०च्या दशकात अमेरिकेत अल्झा या कंपनीत फेलिक्स थ्यूव्स यांनी विकसित केले. निफेडिपिन या बीपीच्या औषधाची अशी गोळी तिथे १९८९मध्ये आली. पुढे प्राझोसिन, ग्लिपिझाइड आणि मेथिलफेनिडेट या औषधांसाठीही ही पद्धत वापरली गेली. मात्र याच औषधांच्या इतर पद्धतीने बनवलेल्या गोळ्याही मिळतात.

कुटली तर काय होते?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सत्तरीच्या एक आजी येत होत्या. गोळी घशात अडकते म्हणून सूनबाई ती खलबत्त्यात कुटून मधातून द्यायच्या. जुन्या, साध्या गोळीला ते चालून गेले. मी गोळी बदलून दिवसातून एकदाच घ्यायची दिली. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे तीही कुटली गेली. तासाभरात आजी उठताना कोसळल्या. बीपी ८०/५० झाले होते. त्यांना दवाखान्यात दाखल करावे लागले. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या.

चूक सुनेची नव्हती. "ही गोळी कुटू नका" हे सांगायला मी विसरले होते.

सोऱ्याच फुटला तर सगळे पीठ एकदम बाहेर येते. अशी गोळी कुटली किंवा चावली तर २४ तासांचे औषध एकदम रक्तात जाऊ शकते. बीपीच्या गोळीने चक्कर येऊन माणूस पडतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी साखर फार उतरते. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाने श्वासही मंदावू शकतो.

काय काळजी घ्याल?

• नावापुढे एक्सएल, एक्सआर, ईआर, एसआर, सीआर किंवा रिटार्ड असे काही लिहिले आहे का ते पाहा. असेल तर ती गोळी हळूहळू औषध सोडणारी आहे. अशी प्रत्येक गोळी दाबावर चालत नाही, पण कुटायची किंवा चावायची यातली कोणतीही नाही.

• मध्ये रेघ असलेल्या काही गोळ्या, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल सक्सिनेट, रेघेवर अर्ध्या करता येतात. पण त्याही कुटायच्या नाहीत. अर्धी करण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारा.

• गिळायला त्रास होत असेल तर तसे सांगा. पातळ औषध किंवा साधी गोळी असा पर्याय बहुतेक वेळा निघतो. नाकातल्या नळीतून अन्न देत असाल तर प्रत्येक गोळी दाखवून विचारा.

• आतड्याच्या क्षयाने, क्रोन्सच्या आजाराने किंवा शस्त्रक्रियेनंतर आतडे अरुंद झाले असेल तर आवर्जून सांगा. न विरघळणारे टरफल तिथे अडकू शकते. आतड्याचा मोठा भाग काढला असेल किंवा सतत जुलाब होत असतील तर गोळी काम संपण्याआधीच बाहेर पडू शकते.

• बीपी अचानक वाढलेले दिसले म्हणून ही गोळी जादा घेऊ नका. तिचे काम सावकाश सुरू होते.

चुकून कुटून दिली असेल तर

पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. रुग्णाला झोपवा, बीपी मोजा, मधुमेहाची गोळी असेल तर साखर तपासा. चक्कर, घाम, थरथर, गुंगी किंवा श्वास मंद वाटत असेल तर गोळीची स्ट्रिप सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा. साखर उतरली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर साखरेचे पाणी द्या. बरे वाटले तरी रुग्णालयात न्या, कारण साखर पुन्हा उतरू शकते.

आज घरातल्या सगळ्या स्ट्रिप बाहेर काढा आणि नावांपुढची अक्षरे वाचा. जी गोळी कुटायची नाही तिच्या स्ट्रिपवर पेनाने "अख्खी गिळा" असे लिहून ठेवा. तुम्ही घरी नसताना औषध देणाऱ्यालाही ते दिसेल.