५,३७९ रुपयांचा हिशेब

२००९ सालच्या ऑक्टोबरात महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. नांदेड जिल्ह्यातील भोकर मतदारसंघातून राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री श्री. अशोक चव्हाण निवडून आले आणि कायद्याप्रमाणे त्यांनी आपल्या निवडणूक खर्चाचा हिशेब सादर केला. वृत्तपत्रांतील जाहिरातींवर झालेला खर्च त्यात ५,३७९ रुपये असा मांडलेला होता. त्याच दिवसांत मराठी वृत्तपत्रांची पानेच्या पाने मुख्यमंत्र्यांच्या कर्तृत्वाच्या वर्णनांनी भरलेली होती. 'अशोक पर्व' या मथळ्याखाली पुरवण्या निघाल्या होत्या, आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या प्रतिस्पर्धी पत्रांत तोच स्तुतिपाठ शब्दशः तसाच छापून आला होता. त्यावर जाहिरात असल्याची खूण नव्हती. श्री. पी. साईनाथ यांनी २००९ च्या अखेरीस हा प्रकार चव्हाट्यावर आणला, तेव्हा या मजकुरासाठी आपण पैसे दिलेले नाहीत, असे मुख्यमंत्र्यांच्या बाजूने सांगण्यात आले. मग ती पाने कोणाच्या पैशाने सजली, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर महाराष्ट्राला आजतागायत मिळालेले नाही.

त्यांचे पराभूत प्रतिस्पर्धी डॉ. माधव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. आयोगाला हिशेबाच्या खरेखोटेपणात शिरण्याचा अधिकारच नाही, हिशेब वेळेवर व ठरलेल्या नमुन्यात आला की त्याचे काम संपले, असा युक्तिवाद झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ५ मे २०१४ रोजी न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला. हिशेब खरा आहे की नाही हे पाहण्याचा आयोगास पूर्ण अधिकार आहे, असे त्याने स्पष्ट केले. जुलैत आयोगाने श्री. चव्हाण यांच्याविरुद्ध निर्णय दिला. सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यावर कोणताही दोष उरत नाही, आणि तो चिकटविण्याचा आमचाही हेतू नाही. आमचे लक्ष वेधले ते तारखांनी. २००९ च्या निवडणुकीचा हिशेब खरा की खोटा, याचा वाद २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर येऊन थांबला! ज्या सभागृहाचे सदस्यत्व पणाला लागले होते, त्या सभागृहाची मुदतच तोवर सरत आली होती.

उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार श्रीमती उमलेश यादव यांच्या बाबतीतही कालगती अशीच संथ होती. २००७ च्या निवडणुकीत वृत्तपत्रांत पैसे देऊन छापविलेल्या मजकुराचा २१,२५० रुपयांचा खर्च त्यांनी हिशेबात दाखविला नाही, म्हणून आयोगाने त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले. परंतु हा आदेश ऑक्टोबर २०११ मध्ये निघाला. म्हणजे साडेचार वर्षे त्यांची आमदारकी अबाधित राहिली. 'पेड न्यूज'च्या कारणावरून सदस्य अपात्र ठरल्याचे हे पहिलेच उदाहरण असल्याने त्याचे मोल आहे. पण ज्या शिक्षेला येण्यास पाच वर्षे लागतात तिचे भय कोणता उमेदवार धरील?

आता मर्यादेकडे वळू. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवारास २००९ साली १० लाख रुपये खर्च करण्याची मुभा होती. ती २०११ मध्ये १६ लाख, २०१४ मध्ये २८ लाख आणि जानेवारी २०२२ पासून ४० लाख झाली. निवडणुकीच्या हंगामात आपल्या तालुक्यात उभ्या राहणाऱ्या कमानी, धावणाऱ्या मोटारी आणि उठणाऱ्या पंगती ज्याने पाहिल्या आहेत, त्याला या आकड्यांवर विश्वास ठेवण्यास सांगणे म्हणजे त्याच्या डोळ्यांचा अपमान करणे होय. मर्यादा वाढविली की हिशेब खरे होतील, असे प्रत्येक वाढीच्या वेळी सांगितले जाते. तसा अनुभव मात्र येत नाही.

याचे मूळ जुने आहे. दिल्लीतील एका निवडणूक अर्जावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये असे ठरविले की, उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरला पाहिजे. सरळ व्यवहारबुद्धीचा हा निर्णय होता. तो राज्यकर्त्यांना इतका झोंबला की त्याच महिन्यात वटहुकूम काढून त्यातील प्राण काढून घेण्यात आला! पक्ष अथवा मित्रमंडळी खर्च करीत असली तर उमेदवाराने तो दाखविण्याचे कारण नाही, असे लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यातच घातले गेले. २००३ च्या दुरुस्तीने ही पळवाट बरीच अरुंद झाली, हे कबूल केले पाहिजे. तथापि पक्षाच्या स्वतःच्या खर्चावर आजही कमाल मर्यादा नाही, आणि मान्यताप्राप्त पक्षाच्या ४० 'स्टार प्रचारकां'ची विमाने व हेलिकॉप्टरे उमेदवाराच्या वहीत उतरत नाहीत. निवडणूक रोख्यांच्या द्वारे २०१८ पासून सुमारे १६ हजार कोटी रुपये पक्षांच्या तिजोरीत निनावीपणे जमा झाले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजनाच घटनाबाह्य ठरविली तेव्हा कोठे देणाऱ्यांची नावे लोकांपुढे आली. एकीकडे चाळीस लाखांचा उंबरठा आणि दुसरीकडे हजारो कोटींचे उघडे परसदार, अशी या घराची रचना आहे.

निवडणूक संपली की देणगीचे रूप पालटते आणि ती भेट होते. या बाबतीत आपल्या संसदेची सुरुवात मोठी बाणेदार होती, आणि तिचा संबंध मुंबईशी होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. हंगामी संसदेचे मुंबईचे एक सदस्य श्री. एच. जी. मुदगल यांनी येथील सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्या वतीने सभागृहात खटपट केल्याचा आरोप १९५१ मध्ये झाला. पंतप्रधान पंडित नेहरूंनी स्वपक्षाच्याच या सदस्याविरुद्ध चौकशी समितीचा ठराव मांडला. समितीने दोष दाखविला, आणि सप्टेंबरात ठरावावर चर्चा चालू असता मुदगलांनी राजीनामा दिला. तरीही त्यांचे वर्तन हकालपट्टीस पात्र होते, असे सभागृहाने नोंदवून ठेवले. जूनमध्ये आरोप आणि सप्टेंबरात निर्णय! अवघे चार महिने.

पुढे ही धार बोथट झाली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने असा निकाल दिला की, लाच घेऊन सभागृहात ठरल्याप्रमाणे मत देणाऱ्या सदस्यास घटनेच्या विशेषाधिकाराचे संरक्षण आहे. लाच घेऊन मत न देणारा मात्र त्या संरक्षणास मुकला. म्हणजे विकला गेलेला माल पोचता करणारा सुटला आणि बोली मोडणारा तेवढा अडकला! हा विपरीत न्याय पंचवीस वर्षांहून अधिक काळ या देशाचा कायदा होता. झारखंडच्या तत्कालीन आमदार श्रीमती सीता सोरेन यांच्यावर २०१२ च्या राज्यसभा निवडणुकीत मतासाठी पैसे घेतल्याचा आरोप आहे. त्यांनी हेच कवच मागितले, तेव्हा ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने जुना निकाल रद्द केला. लाच घेणे हा सभागृहाच्या कामकाजाचा भाग होऊ शकत नाही, एवढे साधे सत्य पुन्हा प्रस्थापित व्हावयास इतका काळ जावा लागला.

पण सगळीच भेट लाच असते असे नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे. बिहारमध्ये मार्च २०१६ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सरकारी खात्याने आमदारांना मायक्रोवेव्ह भट्ट्या वाटल्या. विरोधकांनी त्यावरून गिल्ला केला. अशा वस्तूला कोणी लाच म्हणणार नाही. परंतु ज्या खात्याच्या मागण्यांवर आमदाराने कठोर प्रश्न विचारावयाचे, त्याच खात्याची वस्तू त्याच्या स्वयंपाकघरात असावी, हे शोभादायक आहे काय? उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात जमीन, सोने, ठेवी, कर्जे, गुन्हे सारे लिहावे लागते; पदावर असताना मिळालेल्या भेटींसाठी त्यात स्वतंत्र रकाना नाही. निवडून आल्यावर मालमत्तेचे विवरण ९० दिवसांत देण्याचे बंधन लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याने घातले आहे, पण ते संसदेच्या सदस्यांवर. राज्याच्या आमदारांना त्या कलमात स्थानच नाही. आमदारकीच्या पाच वर्षांत संपत्ती कशी वाढली, हे जाणण्यास मतदाराने पुढल्या निवडणुकीच्या शपथपत्राची वाट पाहावयाची!

१६ फेब्रुवारी २०१८ रोजी 'लोकप्रहरी' या संस्थेच्या अर्जावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या दुखण्यावर बोट ठेवले होते. उमेदवाराने स्वतःच्या, पत्नीच्या वा पतीच्या आणि अवलंबितांच्या उत्पन्नाचा उगमही सांगितला पाहिजे, असे त्याने म्हटले आणि लोकप्रतिनिधींच्या संपत्तीतील वाढीवर लक्ष ठेवणारी कायम यंत्रणा उभारण्यास सरकारला सांगितले. शपथपत्राचा नमुना बदलला. यंत्रणेचे काय झाले, हा प्रश्न सत्ताधाऱ्यांनी आणि विरोधकांनीही जोराने विचारल्याचे आमच्या कानी नाही. या एका विषयावर दोन्ही बाकांचे किती एकमत असते!

आम्ही ज्या व्यवसायात आहोत त्याविषयीही परखडपणे बोलले पाहिजे. आमदाराचा हिशेब खोटा ठरविणारा पुरावा म्हणून ज्या दिवशी वृत्तपत्राचे पान पुढे येते, त्या दिवशी ते पान विकणाराही त्या खोटेपणाचा भागीदार असतो. वृत्तपरिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये या धंद्याचा सविस्तर अहवाल तयार केला. परिषदेने प्रथम त्याचे संक्षिप्त रूपच बाहेर येऊ दिले. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात पैसे घेऊन बातमी छापणे हा निवडणुकीतील भ्रष्ट व्यवहार मानावा, अशी शिफारस केली. तिच्यासाठी सभागृहे अडून बसलेली आम्ही पाहिली नाहीत, आणि वृत्तपत्रांनीही तिचा पाठपुरावा ज्या हिरिरीने करावयास हवा होता त्या हिरिरीने केला नाही.

आयोगाने जिल्ह्याजिल्ह्यांत माध्यम संनियंत्रण समित्या नेमल्या आहेत, त्या कामही करतात. परंतु समितीपुढे येणारे प्रकरण बहुधा पराभूत उमेदवाराच्या तक्रारीतून येते. सामान्य मतदार त्या वाटेला जात नाही, कारण आपल्या हाती काही आहे हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. वस्तुतः निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराने हिशेब दाखल केला पाहिजे, आणि तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत कोणाही नागरिकास पाहता येतो. प्रतीसाठी वेगळे शुल्क आहे. नुसते पाहण्यासाठी नियमात ठरविलेली फी एक रुपया आहे.