मुलांच्या मानेतील गाठ : साधी की घातक?



उसाच्या नोंदीसाठी गावोगाव फिरताना मुलांच्या मानेवरील गाठींविषयी पुष्कळदा विचारणा होते. म्हणून या अंकात उसाचा विषय बाजूला ठेवून त्याविषयी चार गोष्टी सांगतो.

लहान मुलांच्या मानेतील बहुतेक गाठी घातक नसतात. घसा, दात, कान यांच्या दुखण्याने अवधाण येते व काही आठवड्यांत ओसरते. गळ्याच्या मधोमध असलेली व जीभ बाहेर काढली की वर सरकणारी गाठ बहुधा जन्मजात पाण्याची पिशवी असते. आपल्याकडे क्षयाची गंडमाळही आढळते. पुरते औषध घेतल्यास तीही बरी होते. थोड्या मुलांत मात्र कर्करोग निघतो.

पहिली तपासणी सोनोग्राफीची. तीत क्ष-किरण नसतात, काही दुखतही नाही. गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, हे तिथेच कळते. साध्या सुजेची ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते व रक्तवाहिनी मधल्या खाचेतून आत शिरते. ग्रंथी गोल झाली, खाच बुजली, रक्तवाहिन्या कडेने शिरल्या, की डॉक्टर संशय धरतात.

गाठ खोल असेल तर एम.आर.आय. काढतात. कर्करोगाच्या पेशींची दाटी असते, त्यामुळे त्यांतील पाण्याचे कण मोकळे हलत नाहीत. पाचटाने पाट तुंबावा तसे. हे तुंबणे एम.आर.आय. टिपतो. सी.टी. स्कॅन 1971 साली लंडनला प्रथम रुग्णावर वापरला गेला. त्यात क्ष-किरण असल्याने मुलांना तो गरजेपुरताच करतात.

तरीही केवळ चित्रावरून निकाल लागत नाही, कारण क्षयाची गाठही कधी कर्करोगासारखीच दिसते. पान पिवळे पडले म्हणून रोग ठरत नाही, ऊस उभा चिरून पाहावा लागतो. तसाच गाठीचा तुकडा तपासावा लागतो. ‘सुई लावली की गाठ पसरते’ या भीतीने तपासणी टाळू नये.

गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी, टणक, न हलणारी किंवा गळपट्टीच्या हाडावर असेल, सहा आठवड्यांत ओसरत नसेल, सोबत ताप येत असेल वा वजन घटत असेल, तर डाग देणे, लेप लावणे यात दिवस घालवू नका. ‘तोड उरकल्यावर बघू’ असेही म्हणू नका. मुलांच्या लसिकाग्रंथींचा कर्करोग वेळीच कळला तर बहुतांश मुले बरी होतात. आधी तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवा. पुढे गरज पडली तर मुंबईस परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून याच कामास वाहिलेले आहे.

— ऊस विकास अधिकारी